बर्फावरची शाळा

२०१८ च्या डिसेंबरमध्ये मी मुलीकडे कॅनडाला गेलो होतो. टोरांटोच्या एका उपनगरात ती राहते. पहिल्याच शनिवारी जावयानं मला पहाटे साडेपाचला उठवलं. ‘‘बाबा, येताय ना? आज हिची हॉकी आहे.’’ बाहेर उणे चौदा अंश तापमान होतं. सहा वर्षांची नात मात्र हेल्मेट, पॅड, मोजे असं सगळं चिलखत चढवून दाराशी तयार होती.

मी चौतीस वर्षं शाळेत शारीरिक शिक्षण शिकवलं. कोल्हापूर जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, मुरमाचं मैदान आणि शंभर मुलांमागे दोन फुटबॉल. त्यामुळे कुठंही मुलं खेळताना दिसली, की माझं लक्ष खेळापेक्षा शिकवणाऱ्याकडे जास्त जातं. त्या दिवशी रिंकवर पोहोचलो आणि बुचकळ्यातच पडलो. साठ मीटर लांबीच्या त्या बर्फाच्या मैदानाचे फोमच्या बुटक्या फळ्या लावून तीन तुकडे केले होते. प्रत्येक तुकड्यात मुलं लांबीच्या दिशेनं नव्हे, तर रुंदीच्या दिशेनं, म्हणजे आडवी खेळत होती. गोल छोटे. भिंतीवरचा गुणफलक बंद. माझ्या शेजारी एक गृहस्थ कॉफीचा पेला घेऊन बसले होते, त्यांचाही मुलगा खेळत होता. ते वैतागून म्हणाले, ‘‘ही काय हॉकी झाली? आम्ही लहानपणी पूर्ण मैदानावर खेळायचो.’’

त्यांचं हे वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. पुढचे तीन महिने मी तिथल्या सार्वजनिक वाचनालयात जाऊन बसलो आणि हे मैदान आडवं कसं झालं याचा माग काढला. त्या शोधात जे सापडलं, ते आज सांगणार आहे.

आधी खेळाविषयी थोडं. बर्फावरच्या हॉकीत प्रत्येक बाजूला सहा खेळाडू असतात, त्यांतला एक गोलरक्षक. चेंडूऐवजी कडक रबराची चकती असते, तिला ‘पक’ म्हणतात. खेळ इतका दमवणारा, की मिनिटभराच्या आतच खेळाडू बदलतात, तेही खेळ न थांबवता. बंदिस्त रिंकमध्ये नियमांनिशी झालेला पहिला सामना माँट्रियलला ३ मार्च १८७५ रोजी खेळला गेला. पण मुलांच्या दृष्टीनं या खेळाची खरी शाळा म्हणजे गोठलेलं तळं आणि घराचं परसदार. तिथं प्रशिक्षक नव्हता, शिट्टी नव्हती. जितकी मुलं जमतील तितकी खेळायची. आपल्याकडे गल्लीतलं क्रिकेट जसं कुणी शिकवत नाही, तसंच.

या परसदारातला सर्वांत प्रसिद्ध विद्यार्थी म्हणजे वेन ग्रेट्स्की. ओंटारिओ प्रांतातल्या ब्रँटफर्ड गावात त्याचे वडील वॉल्टर टेलिफोन कंपनीत नोकरी करत. हिवाळ्यात ते अंगणात पाणी सोडून रिंक तयार करत, डबे मांडत आणि मुलाला त्या डब्यांमधून पक न्यायला लावत. पक आता आहे तिथं धावू नकोस, जाणार आहे तिथं जा, ही शिकवण त्या अंगणातली. १९७१-७२ च्या हंगामात दहा वर्षांच्या वेननं ३७८ गोल केले. हा आकडा अभिमानानं सांगितला जातो. त्याची दुसरी बाजू फारशी सांगितली जात नाही. दुसऱ्या मुलांच्या पालकांचा हेवा आणि सगळ्यांच्या नजरांचं ओझं इतकं वाढलं, की चौदाव्या वर्षी हा मुलगा घर सोडून टोरांटोला राहायला गेला. मुलांचा खेळ मोठ्यांच्या हातात गेला, की काय होतं याची ही चुणूक होती.

तळ्यावरचा खेळ क्लबात, छपराखाली गेला तेव्हा त्याचं गणितच बदललं. कृत्रिम बर्फ महाग. तासाच्या हिशेबानं रिंक भाड्यानं घ्यायची, म्हणजे त्या तासात ‘काहीतरी खरं’ व्हायला हवं. खरं म्हणजे काय, तर सामना! सराव कमी आणि सामने जास्त, अशी रीत पडली. आता आपण शाळामास्तरी हिशेब करून पाहू. सामना पंचेचाळीस मिनिटांचा. संघात पंधरा मुलं, एका वेळी पाच मैदानात. म्हणजे एका मुलाच्या वाट्याला बर्फावरची पंधरा मिनिटं आली. त्या वेळात मैदानात दोन्ही बाजूंची दहा मुलं आणि पक एकच. अगदी सारखी वाटणी झाली, तरी एका मुलाकडे पक दीड मिनिट राहणार. आणि वाटणी कधीच सारखी होत नाही. अर्धा वेळ पक कुणाकडेच नसतो. उरलेल्या वेळात तो वर्गातल्या सर्वांत धिप्पाड मुलाकडे असतो. पहाटे साडेपाचला उठून, शंभर मैल गाडी हाकून, पोरगं अर्धं मिनिट खेळून परत येतं.

हा हिशेब कॅनडात कुणाच्या लक्षातच आला नव्हता असं नाही. टोरांटोत लॉइड पर्सिव्हल नावाचे एक गृहस्थ होते. १९४० च्या दशकात ते कॅनडाच्या सरकारी रेडिओवरून ‘स्पोर्ट्स कॉलेज’ नावाचा कार्यक्रम करत. रेडिओवरून मुलांना धावायचं कसं, खायचं काय, सराव कसा करायचा हे सांगत. आज मीही रेडिओवरूनच बोलतो आहे, म्हणून मला या माणसाविषयी विशेष आपुलकी वाटते. पर्सिव्हल हातात घड्याळ आणि कॅमेरा घेऊन हॉकी बघायचे. खेळाडू किती वेगानं सरकतो, पास कुठं चुकतो, दमल्यावर काय करतो, सगळं मोजायचे. हे सगळं त्यांनी १९५१ मध्ये ‘द हॉकी हँडबुक’ या पुस्तकात मांडलं. मायदेशातल्या व्यावसायिक हॉकीवाल्यांनी पुस्तकाची टर उडवली. हॉकी ही रक्तात असावी लागते, ती पुस्तकातून काय शिकायची, असा एकूण सूर होता.

पुस्तक वाचलं गेलं, पण तिकडे मॉस्कोमध्ये.

सोव्हिएत संघात ही हॉकी अगदी नवी होती. तिथं पूर्वी बर्फावर फुटबॉलच्या आकाराच्या मैदानात, चेंडूनं, अकरा-अकरा जणांचा ‘बँडी’ हा खेळ चाले. कॅनडाच्या पद्धतीच्या हॉकीची पहिली सोव्हिएत स्पर्धा १९४६ च्या डिसेंबरमध्ये सुरू झाली. १९४८ मध्ये चेकोस्लोव्हाकियाचा नामवंत ‘एलटीसी प्राग’ संघ मॉस्कोला आला आणि तीन सामने खेळला. एक यजमानांनी जिंकला, एक पाहुण्यांनी, एक बरोबरीत सुटला. दोन वर्षांपूर्वी खेळ हाती घेतलेल्यांसाठी हे काही कमी नव्हतं. १९५४ मध्ये स्टॉकहोमला सोव्हिएत संघ पहिल्यांदाच जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत उतरला आणि त्यानं कॅनडाला ७-२ असं हरवलं. १९५६ मध्ये ऑलिंपिकचं सुवर्णपदक मिळवलं.

या घडामोडींच्या केंद्रस्थानी असलेला माणूस म्हणजे आनातोली तारासोव. जन्म १९१८ चा. तारासोव यांच्याकडे कृत्रिम बर्फाची चैन नव्हती. वर्षातले कित्येक महिने बर्फाविना काढायचे होते. मग त्यांनी जमिनीवरच हॉकी शिकवायला सुरुवात केली. फुटबॉल, बास्केटबॉल, कोलांट्या, उड्या, वजनं. त्यांच्या पिढीतल्या अनेकांना हे नवं नव्हतं. व्सेवोलोद बोब्रोव हा १९५२ च्या ऑलिंपिकमध्ये सोव्हिएत फुटबॉल संघाचा कर्णधार होता आणि १९५६ मध्ये हॉकी संघाचा! एकाच खेळाला लहानपणापासून जुंपून घेतलं तरच खेळाडू घडतो, या समजुतीला याहून चांगलं उत्तर नाही. तारासोव यांनी पर्सिव्हलचं पुस्तक एखाद्या शाळकरी मुलासारखं मन लावून वाचलं होतं, आणि ते त्यांनी मोकळेपणानं कबूल केलं. पण नक्कल केली नाही. कॅनडाचा खेळ एकेकट्याच्या ताकदीवर चाले, तारासोव यांनी पाच जणांच्या मेळावर आणि पासवर भर दिला.

मला त्यांच्या पदकांपेक्षा दुसरीच गोष्ट मोलाची वाटते. १९६४ मध्ये सोव्हिएत संघात ‘सोनेरी पक’ नावाची मुलांची स्पर्धा सुरू झाली आणि देशाचा सर्वांत मोठा प्रशिक्षक तिच्या अग्रभागी उभा राहिला. ही स्पर्धा क्रीडाशाळांत निवडल्या गेलेल्या मुलांसाठी नव्हती. ती होती इमारतींच्या अंगणातल्या, मोहल्ल्यातल्या, साध्या शाळांतल्या मुलांसाठी. चाळीचा एक संघ, शेजारच्या चाळीचा दुसरा, असं समजा ना. अंगणात पाणी ओतून रिंक करायची आणि खेळायचं. लाखो मुलं त्यात खेळली. वॉल्टर ग्रेट्स्कींनी एका मुलासाठी केलं, ते इथं देशाच्या पातळीवर होत होतं.

याच मॉस्कोतल्या दोन मुलांच्या गोष्टी सांगतो. पहिला व्लादिस्लाव त्रेत्याक. लष्कराच्या ‘त्स्स्का’ क्लबच्या मुलांच्या शाळेत तो दाखल झाला, आणि गोलरक्षक झाला तो खरा गणवेश मिळावा या हौसेपायी. पंधरा वर्षांचा असताना तारासोव यांनी त्याला मोठ्यांच्या सरावाला बोलावलं. खिशात कायम टेनिसचा चेंडू ठेव आणि जाशील तिथं झेलत राहा, अशी ताकीद दिली. साधन किती साधं, बघा.

दुसरा वालेरी खारलामोव. आई स्पेनची, बास्क. मुलगा अंगानं लहानखुरा. १९६१ मध्ये त्याला संधिवाताचा ताप आला, हृदयावर परिणाम झाला आणि डॉक्टरांनी खेळणं बंद केलं. पुढच्या उन्हाळ्यात वडील त्याला आईच्या नकळत ‘त्स्स्का’च्या निवडीला घेऊन गेले. तिथं १९४९ आणि त्यानंतर जन्मलेली मुलंच घेत होते, हा १९४८ चा. त्यानं एक वर्ष चोरलं. शरीरयष्टी अशी की कुणाला संशयही आला नाही. पुढे लबाडी उघडकीला आली, तोवर खेळ बघून प्रशिक्षकांनी त्याला ठेवून घेतलं होतं. तरीही खुद्द तारासोव यांना बरेच दिवस वाटत होतं, की एवढासा मुलगा मोठ्या हॉकीत टिकणार नाही. त्यांनी त्याला उरल भागातल्या चेबारकुलच्या दुय्यम संघात पाठवून दिलं. तिथं त्यानं गोलांची अशी बरसात केली, की त्याला परत बोलावणं भाग पडलं. जगातल्या सर्वोत्तम प्रशिक्षकाचीही नजर उंचीपाशी अडखळते, हे मी माझ्या वहीत त्या दिवशी ठळक अक्षरांत लिहून ठेवलं.

मग आलं १९७२. कॅनडाचे व्यावसायिक खेळाडू आणि सोव्हिएत संघ यांच्यात आठ सामन्यांची मालिका ठरली. कॅनडात सगळे आठही सामने जिंकण्याच्या गप्पा करत होते. २ सप्टेंबरला माँट्रियलमध्ये पहिला सामना झाला. सुरुवातीच्या साडेसहा मिनिटांत कॅनडानं दोन गोल केले. आणि मग प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत सोव्हिएत संघानं सामना ७-३ असा जिंकला. दोन गोल त्या लहानखुऱ्या खारलामोवचे. गोलात वीस वर्षांचा त्रेत्याक. पुढे कॅनडानं मालिका चार विजय, तीन पराभव आणि एक बरोबरी अशी जिंकली खरी, पण शेवटच्या सामन्यातला निर्णायक गोल चौतीस सेकंद उरले असताना झाला. सहाव्या सामन्यात खारलामोवच्या घोट्यावर मुद्दाम स्टिकचा फटका मारला गेला, हेही इतिहासात नोंदलेलं आहे.

त्या हादऱ्यातून कॅनडात विचारमंथन सुरू झालं. १९७४ मध्ये प्रशिक्षकांना प्रशिक्षण देऊन प्रमाणपत्र देणारी राष्ट्रीय योजना सुरू झाली. शिबिरं भरू लागली, सोव्हिएत कवायतींचे तक्ते वाटले जाऊ लागले. पण मला वाटतं, या शिकण्यात एक गफलत झाली. मोठ्या संघाची शिस्त, तास न् तास सराव, बारा महिने एकच खेळ, हे सगळं उचललं गेलं. अंगण, फुटबॉल, चेंडू झेलणं हे मागे राहिलं.

आणि त्या शिस्तीची काळी बाजू सोव्हिएत खेळाडूंनीच पुढे जगाला सांगितली. तारासोव यांच्यानंतरच्या काळात, १९७७ पासून, व्हिक्टर तिखोनोव यांच्या हाताखाली खेळाडू वर्षातले बहुतेक महिने घरापासून दूर तळावर राहत. बायकामुलांची भेटही परवानगीनं. १९८८ मध्ये इगॉर लारिओनोव या खेळाडूनं ‘ओगोन्योक’ साप्ताहिकात उघड पत्र लिहून या कारभारावर कोरडे ओढले. जागतिक विजेत्यांनाच आपलं जगणं बराकीतल्यासारखं वाटत होतं. मग त्याच साच्यात दहा वर्षांची मुलं घालावीत का?

कॅनडालाही या प्रश्नाचं उत्तर वेगळ्या वाटेनं मिळालं, तेही फार दुःखद. १९९७ मध्ये शेल्डन केनेडी या व्यावसायिक खेळाडूनं जाहीरपणे सांगितलं, की कुमार गटात असताना त्याच्या प्रशिक्षकानं त्याचं अनेक वर्षं लैंगिक शोषण केलं होतं. त्या प्रशिक्षकाला तुरुंगवास झाला. मोठा खेळाडू व्हायचं म्हणून मुलं कोवळ्या वयात घर सोडतात, परक्या गावात परक्यांच्या घरी राहतात, आणि त्यांचं सगळं भवितव्य एका माणसाच्या मर्जीवर अवलंबून असतं. मुलानं तक्रार करायची तरी कुणाकडे? १९९८ मध्ये केनेडीनं चाकांचे स्केट्स घालून कॅनडा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पार केला, शोषित मुलांच्या मदतीसाठी. प्रशिक्षकाला खेळ येतो की नाही याच्याआधी त्याच्यावर कुणाची नजर आहे की नाही हे विचारायला पालक तेव्हापासून शिकले. आपणही ते शिकायला हवं.

आता रॉजर बार्न्सली या मानसशास्त्रज्ञांची गोष्ट. १९८० च्या दशकात ते पत्नी पॉलासह अल्बर्टा प्रांतातल्या लेथब्रिज गावी कुमारांचा हॉकी सामना बघायला गेले होते. पॉलाबाई कार्यक्रमपत्रिकेत खेळाडूंच्या जन्मतारखा वाचत होत्या. त्यांच्या लक्षात आलं, की बहुतेक मुलं जानेवारी, फेब्रुवारी, मार्चमधली आहेत. घरी येऊन बार्न्सलींनी आणखी संघांच्या याद्या तपासल्या. तोच प्रकार! १९८५ मध्ये त्यांनी हा निष्कर्ष प्रसिद्ध केला. कारण अगदी साधं होतं. कॅनडात वयोगट १ जानेवारीला ठरतो. आठ वर्षांच्या गटात जानेवारीतला मुलगा डिसेंबरमधल्या मुलापेक्षा जवळजवळ एक वर्षानं मोठा, म्हणजे आयुष्याच्या एक अष्टमांशानं मोठा. तो उंच दिसतो, निवडला जातो. निवडल्यामुळे त्याला चांगला प्रशिक्षक, जास्त सराव, जास्त सामने मिळतात. पाच वर्षांनी तो खरोखरच चांगला खेळाडू झालेला असतो. मग निवड करणारे म्हणतात, ‘बघा, आम्ही गुण ओळखला होता.’ त्यांनी ओळखला होता तो जन्ममहिना.

खारलामोवनं चोरलेल्या त्या एका वर्षाचा अर्थ मला इथं उमगला. आणि इथंच मला पुस्तक मिटावंसं वाटलं. कारण मला आमच्या शाळेतला एक मुलगा आठवला.

कोल्हापूरकडे फुटबॉलचं वेड किती, हे मी सांगायला नको. आमच्या शाळेचा चौदा वर्षांखालचा संघ मी निवडायचो. या मुलाच्या पायात चेंडू चिकटून राहायचा, पण अंगानं अगदी काडी. धक्का लागला की पडायचा. मी त्याला म्हणालो, ‘‘पुढच्या वर्षी बघू. जरा खाऊन पिऊन ये.’’ पुढच्या वर्षी तो आलाच नाही. अकरावीत तो अचानक सहा फुटांच्या आसपास गेला, पण तोपर्यंत त्याचा फुटबॉल सुटला होता. भारतात परतल्यावर मी शाळेत गेलो आणि जुनं जनरल रजिस्टर मागून घेतलं. म्हटलं, बार्न्सलींची तपासणी इथं करून पाहू. पानं उलटली आणि हसू आलं. निम्म्या मुलांची जन्मतारीख १ जून! शाळेत नाव घालताना गुरुजींनी टाकलेली. त्यामुळे आमच्याकडे तारखांचा पुरावाच नाही. पण मला पुराव्याची गरज नव्हती. मी निवडलेल्या मुलांचे चेहरे मला आठवत होते. सगळ्यांना मिसरूड फुटलेलं होतं.

गेल्या काही वर्षांत उत्तर अमेरिकेत बरंच काही बदललं. एकेका निर्णयामागे किती वर्षांची हुज्जत होती ते बघण्यासारखं आहे. प्रतिस्पर्ध्याच्या अंगावर धडक देणं, ज्याला ‘बॉडी चेक’ म्हणतात, ते अकरा-बारा वर्षांच्या मुलांना शिकवावं की नाही? शिकवलं नाही तर मुलं मेंगळट होतील, असं एक मत. अल्बर्टा प्रांतात या वयात धडक चालत होती, क्वेबेकमध्ये नव्हती. कॅरोलिन एमरी आणि सहकाऱ्यांनी दोन्हीकडच्या मुलांचा अभ्यास करून २०१० मध्ये दाखवून दिलं, की धडक चालते तिथं दुखापतीचा धोका तिपटीहून जास्त आहे. अमेरिकेनं २०११ मध्ये आणि कॅनडानं २०१३ मध्ये या वयोगटातली धडक बंद केली.

२००९ मध्ये अमेरिकेच्या हॉकी संघटनेनं मुलांच्या जडणघडणीचा नवा आराखडा स्वीकारला. मुलाच्या वाढीच्या टप्प्यांप्रमाणे त्याला काय आणि किती शिकवायचं, हा त्याचा पाया. ही मांडणी इश्तवान बायी या, हंगेरीतून कॅनडात आलेल्या क्रीडातज्ज्ञांची. आठ वर्षांखालच्या मुलांनी आडव्या, छोट्या मैदानात खेळायचं. सामने कमी, सराव जास्त. इतर खेळही खेळायचे. बारा वर्षांखालच्या मुलांची राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धाही त्यानंतर बंद झाली. कॅनडानं २०१७ मध्ये पाच-सहा वर्षांच्या मुलांसाठी छोटं मैदान सक्तीचं केलं. त्या पहाटे मी जे पाहिलं, ते हेच. तीन-तीन, चार-चार मुलं, एक पक, आणि पळायला थोडीशीच जागा. पुन्हा आपला हिशेब करा. दीड मिनिटाची किती तरी मिनिटं होतात.

छोट्या बर्फाचा फायदा काय, हे मी टोरांटोत असताना सगळं शहर बघत होतं. तिथल्या व्यावसायिक संघाचा लाडका खेळाडू ऑस्टन मॅथ्यूज वाढला तो अमेरिकेच्या ॲरिझोनात, वाळवंटात! तळं गोठण्याचा प्रश्नच नाही. लहानपणी तो एका छोट्याशा रिंकवर तीन-तीन जणांचा खेळ खेळायचा. त्याला सरकायला शिकवणारे बोरिस दोरोझेन्को हे युक्रेनहून आलेले. २०१६ मध्ये त्यानं व्यावसायिक पदार्पणाच्या सामन्यातच चार गोल केले. पर्सिव्हलचं पुस्तक टोरांटोहून मॉस्कोला गेलं होतं, त्या शिकवणीचं हे उलट टपाल म्हणायचं.

आपल्या देशातही ही हॉकी आहे. लडाखमध्ये १९७० च्या दशकात लष्कराच्या जवानांनी ती सुरू केली आणि तिथल्या मुलामुलींनी ती आपलीशी केली. नैसर्गिक बर्फ वर्षाला जेमतेम दोन महिने. साहित्य एकमेकांत वाटून घ्यायचं. आपला महिला संघ बहुतांशी लडाखच्या मुलींचा. २०१७ मध्ये बँकॉकला त्यांनी फिलिपिन्सला ४-३ असं हरवून आपला पहिला आंतरराष्ट्रीय विजय मिळवला. २०२५ मध्ये अमिरातीत झालेल्या महिला आशिया चषकात कांस्यपदक आणलं. दोन महिन्यांच्या बर्फात हे कसं साधलं याचा विचार केला, की तारासोव यांचे बर्फाविना महिने आठवतात.

पुन्हा त्या पहाटेकडे येतो. खेळ संपला. गाडीत बसल्यावर मी नातीला काही विचारलं नव्हतं. तीच म्हणाली, ‘‘आजोबा, आम्ही अकरा, ते नऊ.’’ गुणफलक बंद, कुणी मोठ्यानं मोजलेलं नाही, पण पोरांनी बरोबर मोजलं होतं! मुलांना हरणं-जिंकणं नको असतं, असं मी म्हणणार नाही. ती मोजतातच. नंतर ती म्हणाली, ‘‘आणि मी चार वेळा मागे सरकत गेले, एकदाही पडले नाही.’’ गुणफलक चालू असता, तर हे दुसरं वाक्य आम्हाला कुणाला ऐकू आलं नसतं.

परत आल्यावर मी त्या जुन्या विद्यार्थ्याला भेटलो. त्याचं आता हार्डवेअरचं दुकान आहे. मी त्याला बार्न्सलींची हकीगत सांगितली आणि म्हटलं, ‘‘त्या वर्षी माझं चुकलं.’’ तो क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, ‘‘जाऊ द्या सर. माझा पोरगाबी बारीकच हाय. पाठवू का?’’

मी म्हटलं, ‘‘पाठव.’’

रविवारी सकाळी मुरमाच्या मैदानावर आम्ही फक्कीच्या रेघा मारून चार आडवे तुकडे पाडले. विटांचे गोल केले. आता आमच्याकडे सहा फुटबॉल आहेत. कुंपणापाशी एक पालक दोन्ही हात कमरेवर ठेवून उभे होते. म्हणाले, ‘‘काय सर, ह्यो काय फुटबॉल व्हय?’’

मी त्यांना आत बोलावलं आणि चेंडू मोजायला सांगितले.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)